पोटाच्या तक्रारींसाठी ॲक्युपंक्चर: पहिल्यांदा जाताना

जुलै १९७१. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन चीनच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या पोटात दुखू लागले. अपेंडिक्स सुजले होते. पेकिंगच्या (आजचे बीजिंग) रुग्णालयात सर्जननी नेहमीसारखी भूल देऊन ते काढले. दुसऱ्या रात्री मात्र पोट फुगून रेस्टन यांना चैन पडेना. तेव्हा तिथल्या ॲक्युपंक्चर तज्ज्ञाने त्यांच्या उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली मिळून तीन बारीक सुया टोचल्या, त्या फिरवल्या आणि एका वनस्पतीचे जळते तुकडे पोटाजवळ धरून शेक दिला. वीसेक मिनिटांचे काम. तासाभरात पोटातला ताण उतरला आणि पुन्हा आला नाही, असे रेस्टन यांनी २६ जुलैच्या अंकात लिहिले. त्यानंतर अमेरिकेत ॲक्युपंक्चरची मोठी चर्चा सुरू झाली. पुढे गोष्ट फिरता फिरता ‘ऑपरेशनच सुया टोचून झाले’ अशी होऊन बसली. ते खरे नाही. अपेंडिक्स चाकूने निघाले आणि फुगलेले पोट सुयांनी उतरले. नवख्या माणसाने लक्षात ठेवावा तो हा क्रम.

पोटाच्या तक्रारींसाठी चिनी वैद्यकाकडे दोन मुख्य साधने आहेत: सुया आणि काढे. दोन्हींना एकाच नावाने ओळखले जात असले तरी त्यांचे धोके सारखे नाहीत. शिकलेल्या हातातली सुई बरीच सुरक्षित असते. पाकिटातल्या औषधाबद्दल तसे सरसकट म्हणता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात सुयांपासून करावी आणि औषधांच्या बाबतीत चौकस राहावे.

पायरी पहिली: आधी निदान

ॲक्युपंक्चरच्या टेबलावर झोपण्याआधी एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांनी पोट तपासलेले असावे. शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना उतरणारे वजन, गिळताना घास अडकणे, थांबत नसलेल्या उलट्या, कावीळ, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणे, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणे, यातले एकही असेल तर सुया नंतर. आपल्याकडे पोटाचा क्षयही दिसतो. तो वजन, भूक आणि तापातून हळूहळू उघडा पडतो, आणि सुयांच्या नादात दोन महिने गेले तर ते महिने परत मिळत नाहीत.

छातीच्या मधोमध जळजळ, त्याबरोबर दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ, धाप, असे झाले तर ते ‘पित्त’ समजून बसू नका. थेट रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. ॲसिडिटी समजून घरी थांबलेले हृदयविकाराचे रुग्ण कमी नाहीत. पोट लाकडासारखे कडक झाले किंवा दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले, तरीही हेच.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते: आपल्याच गोळ्यांची. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होते आणि शौच काळी दिसते, सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामकांनी जठरात व्रण पडतात. दुधाची साखर न पचणे, गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास, थायरॉईड, जठरातला एच. पायलोरी जंतू, या सगळ्यांना ठरलेल्या चाचण्या आहेत आणि ठरलेले इलाजही. कारण सापडले तर इलाज त्या कारणावर करायचा.

पायरी दुसरी: आपली तक्रार सुयांच्या आवाक्यातली आहे का?

तपासण्या नीट आल्या, डॉक्टर म्हणाले ‘काही नाही’, आणि तरीही पोट रोज छळते आहे: ॲक्युपंक्चरचे खरे क्षेत्र इथून सुरू होते. आतड्यात जखम नसते, गाठ नसते, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. सगळ्या तक्रारींमध्ये पुरावा मात्र सारखा नाही.

मळमळीसाठी तो सर्वांत जुना आणि पक्का आहे. ऑपरेशननंतरची आणि केमोथेरपीची मळमळ सुयांनी कमी होते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ गटाने १९९७मध्येच मान्य केले होते. तीव्र, जुनाट बद्धकोष्ठतेवर चीनमधल्या १५ रुग्णालयांत १,०७५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत सुयांना हलका विद्युतप्रवाह जोडून २८ सत्रे दिली गेली. आठवड्याला सरासरी तीन किंवा जास्त वेळा, औषधाशिवाय आणि पूर्ण समाधान होईल अशी शौच होऊ लागलेले रुग्ण खऱ्या सुयांच्या गटात ३१.३ टक्के होते, तर तुलनेसाठी दिलेल्या नकली, नुसत्या दिखाव्याच्या उपचारात १२.१ टक्के. पुढच्या बारा आठवड्यांतही हा फरक टिकला. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो तिघांपैकी एकाला. जेवल्यावर पोट जड होणे, दोन घासांत पोट भरणे या तक्रारींवर २०२०मध्ये चीनमधला २७८ रुग्णांचा अभ्यास आला. चार आठवड्यांत १२ सत्रे. खऱ्या सुयांनी ८३ टक्के रुग्णांना बरे वाटले आणि नकली सुयांनीही ५१.६ टक्क्यांना.

नकली सुयांचा हा मोठा आकडा आयबीएसमध्ये (तपासण्या नीट असूनही पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता वारंवार होणारा आतड्यांचा विकार) अधिकच महत्त्वाचा ठरतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात आयबीएसच्या त्रासावर खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, मात्र चीनमधल्या अभ्यासांत आतड्याचा पेटका कमी करणाऱ्या दोन औषधांपेक्षा रुग्णांना सुयांनी जास्त आराम वाटला होता. २००८मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. एक गट नुसताच प्रतीक्षेत होता, दुसऱ्याला मोजके बोलून नकली सुया दिल्या, तिसऱ्याला त्याच नकली सुया दिल्या पण उपचार करणाऱ्याने आधी निवांत बसून आपुलकीने विचारपूस केली. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटलेले अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. ऐकून घेणारा माणूस हाही इथे उपचाराचाच भाग आहे, आणि आयबीएसच्या रुग्णाने दवाखाना निवडताना हे सर्वांत आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते. ज्याला आपल्याशी बोलायला दहा मिनिटे नाहीत, त्याच्याकडे आयबीएससाठी पैसे खर्च करू नका.

व्रण, पित्ताशयातले खडे, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारे आजार), यकृताचे आजार हे मूळ आजार म्हणून सुयांच्या भरवशावर सोडायचे नाहीत. त्यांच्या उपचाराबरोबर मळमळीसाठी किंवा वेदनेसाठी सुया घेता येतात, तेही मूळ डॉक्टरांना सांगून.

पायरी तिसरी: कोणाकडे जायचे

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्याची ॲक्युपंक्चर परिषद नोंदणीचे काम पाहते. केंद्र सरकारनेही २०१९मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको; नोंदणी असलेला माणूस तो आनंदाने दाखवतो. परदेशातल्या मराठी वाचकांनी आपापल्या ठिकाणचा नियम पाहावा. ऑस्ट्रेलियात २०१२पासून चिनी वैद्यकाची राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे, अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा असतो, ब्रिटनमध्ये मुख्यतः व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व तपासावे लागते.

या पद्धतीच्या भारतातल्या प्रवासात सोलापूरचे नाव आदराने घेतले जाते. १९३८मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते सर्जन होते आणि १९४२मध्ये तिथेच वारले. त्यांचे पथकातले सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. आजही देशातल्या काही ॲक्युपंक्चर संस्थांना कोटणीसांचे नाव आहे.

दवाखान्यात पाऊल टाकल्यावर तीन गोष्टी पाहा. सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद पाकिटातल्या आहेत का आणि पाकीट तुमच्या समोर फोडले जाते का? वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात जातात का? आणि ‘तुमच्या गोळ्या आजपासून बंद करा’ असे पहिल्याच भेटीत सांगितले जाते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर उठून या.

पायरी चौथी: जाण्याआधी आठवडाभर वही

फार मोठे काम नाही. रोज चार गोष्टी लिहा: शौच किती वेळा आणि कशी (खडे, घट्ट, मऊ, पाण्यासारखी), पोटदुखीला दहापैकी किती गुण, काय आणि किती वाजता खाल्ले, झोप कशी झाली. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. पाळीच्या आसपास आतड्यांचे वागणे बदलते. सर्वांत जास्त छळणारी एकच तक्रार निवडून तिच्याखाली रेघ मारा. ‘पोट बरे नाही’ हे मोजता येत नाही, पण ‘जेवल्यावर दोन तास पोट ढोलासारखे फुगते’ हे मोजता येते. सुधारणा झाली की नाही, हे महिन्याभराने ठरवताना आठवणीपेक्षा ही वही कामाला येईल.

सत्राच्या दिवशी उपाशी जाऊ नका, चक्कर येऊ शकते. तुडुंब जेवूनही नको. एक-दीड तास आधी हलके काहीतरी खावे. गुडघ्याच्या वर आणि कोपराच्या वर सरकतील असे सैल कपडे घाला. जीभ त्या दिवशी घासू नका, आणि बीट, कॉफी, पान असे रंग चढवणारे काही खाऊ-पिऊ नका. जीभ तपासली जाणार आहे.

पायरी पाचवी: पहिली भेट

पहिल्या भेटीत प्रश्नांचा मारा होईल आणि त्यातले बरेचसे पोटाशी संबंध नसलेले वाटतील. पाय गार पडतात का? तहान गरम पाण्याची लागते की थंड? राग गिळता का? दुखत असताना पोट दाबले तर बरे वाटते की जास्त दुखते? चिनी वैद्य आजाराच्या नावापेक्षा त्रासाचा साचा शोधतो. एकाच ‘आयबीएस’च्या तीन रुग्णांचे तीन वेगळे साचे निघू शकतात.

ताण आला की पोटात कळ, मग जुलाब, मग थोडी मोकळीक, हा यकृताने प्लीहेवर कुरघोडी केल्याचा साचा मानतात. कायम सैल शौच, जेवल्यावर सुस्ती, फिकट जीभ आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे, ही प्लीहेची दुर्बलता. पोटात आग, तोंडाला वास, वारंवार भूक आणि पिवळा थर असलेली लाल जीभ, हा जठरातला उष्मा. थंड पिण्याने बिघडणारे आणि गरम पिशवीने शांत होणारे दुखणे, ही थंडी. लग्नाच्या पंगतीनंतरचे आंबट ढेकर आणि जिभेवरचा जाड थर, हे साचलेले अन्न.

इथे घाबरण्याचे एक कारण आधीच दूर करतो. ‘तुमची प्लीहा अशक्त आहे’ असे ऐकून सोनोग्राफी करायला धावू नका. चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे अन्नाचे रूपांतर करून शक्ती वर पोचवणारे कार्य, तर जठर अन्न खाली नेणारे. जुलाब म्हणजे वर जायचे ते खाली आले, उलटी-ढेकर म्हणजे खाली जायचे ते वर आले. तेराव्या शतकातले वैद्य ली तुंगयुआन यांनी प्लीहा आणि जठर हेच सगळ्या प्रकृतीचे मूळ मानून मोठी परंपरा उभी केली. सोनोग्राफीत दिसणाऱ्या प्लीहेशी याचा थेट संबंध नाही. आयुर्वेदातल्या अग्निमांद्यासारखी ही त्या शास्त्राच्या आतली भाषा आहे.

मग नाडी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी, हलके आणि दाबून. उजव्या मनगटावरचे मधले बोट पोटाचे हाल सांगते, असे मानतात. नाडीवरून दोन तज्ज्ञांचे मत एकच येईल याची खात्री नसते, म्हणून नाडी हा तुमच्या तपासण्यांना पर्याय नाही.

पायरी सहावी: सुया

इंजेक्शनची सुई आत पोकळ असते, ही भरीव असते आणि जाडी साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर. टोचताना डास चावल्यासारखे होते, पुष्कळदा तेवढेही नाही. आत गेल्यावर मात्र जडपणा, बोथट कळ किंवा बिंदूपासून पसरत जाणारी झिणझिण जाणवते. ही ‘चि’ची, म्हणजे चिनी वैद्यक मानते त्या प्राणशक्तीची चाहूल, आणि ती हवी असते. झटका बसल्यासारखी तीक्ष्ण वेदना झाली तर लगेच सांगा, सुई थोडी मागे घेतली जाते.

पोटाच्या तक्रारींत काही बिंदू सतत येतात. दवाखान्यात त्यांना ‘स्टमक ३६’, ‘पेरिकार्डियम ६’ अशी नावे ऐकाल. स्टमक ३६ गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या हाडाच्या बाहेर एक बोट. रेन १२ बेंबी आणि छातीच्या हाडाचे टोक यांच्या बरोबर मध्ये. स्टमक २५ बेंबीच्या दोन्ही बाजूंना. अंतरे रुग्णाच्या स्वतःच्या बोटांनी मोजतात, त्यामुळे धिप्पाड माणसाचा आणि लहानखुऱ्या बाईचा बिंदू आपापल्या मापाने सापडतो.

सुया २० ते ३० मिनिटे राहतात. काही वेळा त्यांना बारीक वायर जोडून हलका प्रवाह देतात. पेसमेकर असेल तर हे आधीच सांगा, प्रवाह घ्यायचा नाही. थंडीच्या साच्यात मोक्सा वापरतात. आपल्या दवण्याच्या जातकुळीतली ही सुकी वनस्पती कांडीसारखी पेटवून बेंबीजवळ शेकतात. धूर बराच होतो, दमेकऱ्यांनी नको म्हणावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर पायावर शेक घेऊ नये, भाजल्याचे कळत नाही.

पाठीवर बरगड्यांच्या शेवटाशी पोटाचेच बिंदू आहेत. तिथली सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे फार क्वचित घडते, पण सत्रानंतर काही तासांत दम लागला किंवा श्वास घेताना छातीत टोचू लागले तर वाट न बघता रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ती गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तरीही. घोट्याच्या वरचा ‘स्प्लीन ६’ आणि अंगठ्या-तर्जनीमधला ‘लार्ज इंटेस्टाइन ४’ हे बिंदू गरोदरपणात टाळतात.

पायरी सातवी: काढे, गोळ्या आणि पाकिटे

चिनी औषधांत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. १९९८मध्ये ऑस्ट्रेलियात आयबीएसच्या ११६ रुग्णांवर नीट अभ्यास झाला. ठरलेले मिश्रण, व्यक्तीनुसार बनवलेले मिश्रण आणि नकली कॅप्सूल अशी तुलना होती. १६ आठवड्यांनी दोन्ही खऱ्या औषधांचे रुग्ण सुधारले, आणि औषध थांबल्यावर १४ आठवड्यांनीही सुधारणा टिकली ती व्यक्तीनुसार औषध घेतलेल्यांची. पण ते औषध जाणत्या वैद्याने बनवलेले होते आणि त्यात काय आहे हे माहीत होते.

उलट उदाहरण ब्रुसेल्सचे. १९९०च्या सुमारास तिथल्या वजन कमी करण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरीच, ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती आली. शंभराहून अधिक बायकांचे मूत्रपिंड खराब झाले आणि काहींना पुढे कॅन्सर झाला. म्हणून पाकिटावरचे घटक तुम्हाला वाचता येत नसतील, किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता, परवाना आणि तारीख नसेल, तर ते पाकीट घरात आणू नका, मग ते कितीही जिव्हाळ्याच्या माणसाने दिलेले असो.

आपल्या घरांतला खास धोका दुहेरी डोसाचा आहे. चिनी मिश्रणांत ज्येष्ठमध फार मोठ्या प्रमाणावर वापरतात. तोच ज्येष्ठमध आपल्या पित्ताच्या चूर्णांत असतो. दोन्ही महिनोन्महिने घेतले तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते, पायांवर सूज येते. बद्धकोष्ठतेच्या चिनी गोळ्यांत बहुधा रेवाचिनी किंवा सोनामुखी निघते, म्हणजे आपल्याकडच्याच जुलाबाच्या औषधांची आवृत्ती. चार दिवसांसाठी ठीक, रोजच्यासाठी नाही. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी चिनी अँजेलिका आणि जिनसेंग या मुळ्यांपासून लांबच राहावे.

खाण्याचा सल्ला मात्र बिनधोक आणि ओळखीचा वाटेल: गरम, शिजवलेले, ठरल्या वेळी, थोडी भूक राखून. फ्रीजमधले पाणी आणि कच्च्या सॅलडचा ढीग काही काळ बंद. चीनमध्ये पोट बिघडल्यावर जो तांदळाचा पातळ ‘चौ’ देतात, तो कोकणातल्या घरात पेज म्हणून सकाळी असतोच. मधुमेह असेल तर तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

पायरी आठवी: घरी दाबायचा एक बिंदू

सुई घरी कोणीही टोचायची नाही. बोटाने दाबणे मात्र कोणालाही जमते. तळहात वर करा, मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, हाताच्या मधोमध दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात, त्यांच्या मधला खळगा म्हणजे पेरिकार्डियम ६. अंगठ्याने दोन-तीन मिनिटे, दुखेल न दुखेल इतके दाबून गोल फिरवा, मग दुसरा हात. घाटातल्या एसटीत लागणारी मळमळ, केमोनंतरची मळमळ, गरोदरपणातली सकाळची मळमळ, सगळ्यांत वापरून पाहता येतो. या जागी आत गोटी असलेला मनगटपट्टाही मिळतो. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर दाबत बसू नका, सलाइनची गरज असते.

पायरी नववी: किती दिवस, आणि कधी पुरे म्हणायचे

एका सत्रात जुनाट पोट सुधारत नाही. आठवड्याला दोन-तीन अशी चार आठवडे, ही रास्त सुरुवात. बद्धकोष्ठतेला आठ आठवडे द्यावेत. एकूण खर्च आधी विचारा, आणि तीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. विम्यात बसते का, हे कंपनीला लेखी विचारलेले बरे. चार आठवड्यांनी वही उघडा. रेघ मारलेल्या तक्रारीचे गुण निदान तिसऱ्या हिश्शाने उतरले असतील तर पुढे जा आणि सत्रे विरळ करत न्या. तसूभरही फरक नसेल तर थांबा. ‘अजून दहा घ्या, मग कळेल’ या बोलण्यात अडकू नका.

बरे वाटू लागले की पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल स्वतःहून एका दिवसात सोडण्याचा मोह होतो. अनेक महिने घेतलेली ही गोळी अचानक बंद केली तर जठरात ॲसिड काही दिवस किंवा आठवडे उसळून येते, छाती पेटते, आणि रुग्णाला वाटते सुया फुकट गेल्या. महिनाभर वही स्थिर राहू द्या, मग ज्यांनी गोळी दिली त्यांना ती वही दाखवा आणि डोस किती आठवड्यांत, कसा उतरवायचा हे त्यांच्याकडून लिहून घ्या.